बोडीच्या काठावरून पीएच.डी.पर्यंत : परजीवी-संशोधनाची कृती

प्राणिशास्त्राच्या पेपरात यकृतातल्या पर्णकृमीचे जीवनचक्र आले की विद्यार्थी ते डोळे मिटून काढतात. गुरांच्या शेणातून पडलेले अंडे, त्यातून निघालेला मिरॅसिडियम, मग गोगलगाय, तिच्यातून बाहेर पडलेला सर्केरिया आणि शेवटी पुन्हा गुराचे यकृत. पाचही चित्रे जागच्या जागी, बाणांसह. यातली गोगलगाय त्याच विद्यार्थ्याच्या गावच्या बोडीत शिंगाड्याच्या पानाखाली बसलेली असू शकते, हे मात्र क्वचितच कोणी त्याला सांगते.

हा लेख तुमसर तालुक्यातल्या चिखल्यासारख्या गावातून बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींसाठी आहे. चिखला मॉईलच्या मॅंगनीज खाणीसाठी ओळखले जाते. पण भंडारा हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, शिवाय बोड्या, धानाच्या बांध्या, बावनथडी आणि वैनगंगा. जिथे साचलेले गोडे पाणी, गुरे, मासे, बगळे आणि माणसे एकाच काठावर येतात, तिथे परजीवींचा अभ्यास करायला दुसरी प्रयोगशाळा शोधावी लागत नाही.

परजीवींचे परिसरशास्त्र म्हणजे बाटलीतल्या कृमीला नाव देणे एवढेच नव्हे. हा कृमी याच तलावात का, याच ऋतूत का, दहा माशांतल्या दोघांतच का, पाणी आटले किंवा धरण झाले की त्याचे काय होते, हे प्रश्न या शास्त्राचे. २००८ साली आर्मंड कुरिस, केव्हिन लॅफर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत परजीवींचे वजन मोजले. पाण्यात पोहणाऱ्या पर्णकृमींच्या डिंभांचे, म्हणजे बालावस्थांचे, वर्षभराचे उत्पादन तिथल्या पक्ष्यांच्या एकूण वजनापेक्षा जास्त भरले. जे डोळ्यांना दिसत नाही, ते वजनाने एवढे भारी असू शकते.

महाराष्ट्राकडेही अभिमानाने सांगण्यासारखे उदाहरण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांना लघवीतून रक्त जाण्याचा आजार होता. गाडगीळ आणि शहा या दोघांनी १९५२ मध्ये तो शिस्टोसोमा या रक्तातल्या पर्णकृमीचा असल्याचे दाखवले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी फेरिसिया टेनुइस या अवघ्या काही मिलिमीटरच्या गोगलगायीशी त्याचा संबंध जोडला. एक गाव, एक ओढा, एक चिमुकली गोगलगाय, आणि जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत गिमवीचे नाव गेले.

आधी प्रवेश मिळवायचा आणि मग विषय शोधायचा, ही सवय सोडा. आधी गावच्या पाण्यावर वर्षभर प्रामाणिक मोजणी करा आणि ती वही घेऊन संस्थेच्या दारात जा. कशी, ते खाली पायरीपायरीने दिले आहे.

साहित्य

गुडघ्यापर्यंतचे गमबूट, रबरी हातमोजे, लांब बांबूला घट्ट बांधलेली स्वयंपाकघरातली चाळणी, झाकणाच्या प्लास्टिकच्या बरण्या, पांढरा ट्रे, साधा थर्मामीटर, ५० ते १०० छोटे काचेचे पेले किंवा औषधाच्या रिकाम्या बाटल्या, काळा कागद, टॉर्च, ड्रॉपर, आयोडीनचे द्रावण, ९५ टक्के अल्कोहोल, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. सूक्ष्मदर्शक महाविद्यालयातला चालेल. ४ आणि १० पट वाढवणारी भिंगे नीट असली म्हणजे सुरुवातीचे काम होते. परवानगी मात्र विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.

पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

'तलावातील परजीवींचा अभ्यास' हा प्रश्न नव्हे, ते नुसते शीर्षक झाले. प्रश्न असा हवा : 'गुरे जिथे पाण्यात उतरतात आणि जिथे उतरत नाहीत, अशा एकाच बोडीच्या दोन काठांवर बाधित गोगलगायींचे प्रमाण वेगळे आहे का?' याचे उत्तर हो किंवा नाही असे येऊ शकते, आणि ते यायला काय मोजायचे हेही वाक्यातच दिसते. प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. वर्षभरात तो बदलावासा वाटला तर खोडू नका, खाली नवा लिहा.

पायरी २ : पाणी निवडा, माणसांना विचारा

सायकलने सकाळ-संध्याकाळ जाता येईल अशी दोन किंवा तीन पाणी-ठिकाणे पुरेत. तलाव ग्रामपंचायतीचा आहे, जिल्हा परिषदेचा की पाटबंधारे विभागाचा, हे आधी विचारा. मासेमारीचा ठेका कोणत्या सहकारी संस्थेकडे आहे तेही विचारा. खाणीच्या हद्दीतल्या पाण्याच्या खड्ड्यांकडे फिरकू नका. त्यांचे काठ सरळ तुटलेले असतात आणि आत जायला कंपनीची परवानगी लागते. नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक शिंपलाही उचलायचा नाही.

मग ढिवर बांधवांकडे जाऊन बसा. कुठल्या महिन्यात कुठल्या कोपऱ्यात शंख जास्त, कोणत्या माशाच्या अंगात गाठी निघतात, पाण्यात उतरल्यावर कुठे अंगाला खाज सुटते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने तलावांतले देशी मासे आणि पाणवनस्पती यांची माहिती ढिवर समाजाच्या सोबतीने गोळा केली, आणि त्या माहितीवर तलाव सुधारण्याचे काम उभे राहिले. ज्याने सांगितले त्याचे श्रेय वहीत लिहून ठेवा. नाव छापायचे असेल तर त्याची संमती घ्या.

पायरी ३ : स्वतःचे अंग सांभाळा

गुरांच्या रक्तातल्या शिस्टोसोमा जातीच्या पर्णकृमींचे डिंभ पाण्यातून थेट कातडीत शिरतात. माणसाच्या अंगात ते वाढत नाहीत, कातडीतच मरतात. पण पुरळ उठते आणि खाज सुटते. रोवणीत पाय खाजतात त्याची कारणे अनेक, त्यांतले हे एक असू शकते. सातपुड्यापलीकडे जबलपूरच्या एम. सी. अग्रवाल यांनी या कृमींवर आयुष्यभर काम केले आणि २०१२ मध्ये दक्षिण आशियातल्या शिस्टोसोमांवर ग्रंथ लिहिला. त्यांतला शिस्टोसोमा नेझेल हा कृमी गुरांच्या नाकातल्या शिरांत राहतो. नाकात गाठी होतात आणि जनावर घोरल्यासारखा श्वास घेते.

म्हणून गमबूट आणि हातमोजे न घालता पाण्यात हात-पाय घालायचे नाहीत. पाणी अंगावर उडाले तर ते आपोआप सुकण्याची वाट पाहू नका, लगेच कोरड्या टॉवेलने खसखसून पुसा. एकट्याने तलावात उतरू नका.

पायरी ४ : गोगलगायी वेचा

दर महिन्याला ठरलेल्या तारखेच्या आसपास, सकाळी एकाच वेळी जा. काठावर पाच जागा कायमच्या ठरवा आणि खुणेसाठी बांबूच्या खुंट्या ठोका. प्रत्येक जागी एकाच माणसाने घड्याळ लावून १५ मिनिटे वेचायचे. मिळाल्या तेवढ्याच, कमी मिळाल्या म्हणून वेळ वाढवायचा नाही. वेळ सारखी ठेवली तरच जूनची वेचणी आणि जानेवारीची वेचणी यांची तुलना होते.

पाण्याचे तापमान, काठापासूनची खोली, पाणवनस्पती, गुरांचे खूर, शेण, बगळे-बदके, मागच्या आठवड्यातला पाऊस हे सगळे तिथेच उभे राहून लिहा. घरी जाऊन आठवणीने लिहिलेली नोंद म्हणजे नोंद नव्हे.

किती गोगलगायी तपासायच्या? शंभरात पाच बाधित असतील तर निदान एक तरी बाधित सापडण्याची ९५ टक्के खात्री मिळायला ५९ तपासाव्या लागतात. शंभरात एकच बाधित असेल तर २९९. म्हणून २० गोगलगायी पाहून 'या तलावात पर्णकृमी नाहीत' असे लिहिणे चूक आहे.

जाती वेगळ्या करा. चपटी, चकरीसारखी गुंडाळलेली ती इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. ती भारतभर डबक्यांत आढळते आणि गुरांच्या शिस्टोसोमांची महत्त्वाची यजमान आहे. पातळ, टोकदार शंखाची आणि मोठ्या तोंडाची ती लिम्निया गटातली. यकृतातल्या पर्णकृमीचा संबंध या गटाशी. ओळखीसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १९८९ मध्ये काढलेले एन. व्ही. सुब्बाराव यांचे गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवरचे हस्तपुस्तक ग्रंथालयात मागा.

पायरी ५ : डिंभ बाहेर येऊ द्या

या कामातला सगळ्यात सुंदर तास हाच. प्रत्येक गोगलगाय स्वच्छ धुऊन वेगळ्या पेल्यात ठेवा. पेल्यात १० ते २० मिलिलिटर पाणी : विहिरीचे, किंवा नळाचे असेल तर क्लोरीन उडून जावे म्हणून दिवसभर उघडे ठेवलेले. पेल्यावर क्रमांक लिहा. सकाळी दहाच्या सुमारास पेले खिडकीशी उजेडात मांडा, पण कडक उन्हात नको. पाणी तापले की गोगलगाय मरते.

दोन तासांनी एकेक पेला उचला. मागे काळा कागद धरा, बाजूने टॉर्च लावा. बहुतेक पेल्यांत काहीच दिसणार नाही. आणि मग एखाद्या पेल्यात, झरोक्यातून आलेल्या उन्हात धुळीचे कण तरंगावेत तसे शेकडो पांढुरके ठिपके दिसतात. फरक एवढाच की धूळ खाली बसते आणि हे ठिपके झटके देत वर चढतात, थांबतात, पुन्हा चढतात. हे सर्केरिया. पुस्तकातल्या बाणाच्या टोकावरचे ते चित्र आता तुमच्या हातातल्या पेल्यात पोहत असते.

काही जातींचे डिंभ संध्याकाळी किंवा रात्री बाहेर येतात, म्हणून तेच पेले सूर्यास्तानंतर आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पाहा. ज्यांतून काही निघाले नाही त्या गोगलगायी जगवून आठवड्याने परत तपासा. संसर्ग ताजा असला तर डिंभ तयार व्हायला काही आठवडे लागतात. आज रिकामी वाटलेली गोगलगाय बाधित असू शकते.

काम झाल्यावर पेल्यातल्या पाण्यात उकळते पाणी ओतून मगच ते टाका. एका तलावातली गोगलगाय दुसऱ्या तलावात कधीही सोडू नका.

पायरी ६ : पाहा, काढा, पण नाव देण्याची घाई नको

ड्रॉपरने थेंब काचपट्टीवर घ्या. आधी डिंभ जिवंत असताना तो कसा पोहतो ते पाहा. मग आयोडीनचा एक थेंब टाकून त्याला थांबवा आणि चित्र काढा. शेपटी एकसंध आहे की टोकाला दुभंगलेली? डोळ्यांचे ठिपके आहेत का? चूषक किती आणि कुठे? तोंडाभोवती काट्यांची कडी आहे का?

शिस्टोसोमाच्या सर्केरियाची शेपटी दुभंगलेली असते. पण दुभंगलेल्या शेपटीचा प्रत्येक सर्केरिया शिस्टोसोमा नसतो. पक्ष्यांत आणि माशांत राहणाऱ्या इतर कृमींचेही डिंभ तसे दिसतात. म्हणून वहीत 'दुभंगलेल्या शेपटीचा प्रकार क्र. १' असेच लिहा. काही डिंभ ९५ टक्के अल्कोहोलमध्ये पेन्सिलने लिहिलेल्या चिठ्ठीसह ठेवा. पुढे डीएनएवरून जात ठरवता येईल. चुकीचे नाव एकदा छापले गेले की ते पुसायला दुसऱ्या कोणाची वर्षे जातात.

पायरी ७ : मोजा आणि खरे तेवढेच सांगा

१०० गोगलगायींत ५ बाधित म्हणजे प्रादुर्भाव ५ टक्के. पण तेवढ्यावर थांबू नका. १०० च्या नमुन्यावरून खरा आकडा सुमारे २ ते ११ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो, हेही सोबत लिहा. मग पुढच्या महिन्यात ७ टक्के आले म्हणून 'वाढ झाली' असे तोंडातून निघणार नाही.

माशांवर काम करत असाल तर तीन आकडे वेगळे ठेवा : किती मासे बाधित, बाधित माशात सरासरी किती कृमी, आणि सगळे मासे धरून सरासरी किती. परजीवी सारखे वाटलेले नसतात. बहुतेक माशांत एकही नसतो किंवा एखाददुसरा असतो, आणि थोड्याच माशांत गर्दी असते. अँडरसन आणि मे यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या गणिताने दाखवले की यजमान आणि परजीवी यांचा तोल टिकण्यात या असमान वाटपाचा मोठा हात असतो. म्हणून प्रत्येक माशाची नोंद स्वतंत्र ओळीत हवी, नुसती सरासरी नव्हे.

पायरी ८ : विषय रुंदावून पाहा

गोगलगाय जमली नाही तर बाजारात आलेल्या मरळ-शिंगीच्या पोटातले कृमी आहेत, बगळ्यांच्या पर्णकृमींची माशांत सापडणारी पुटी आहेत, शेणाच्या नमुन्यांतली अंडी आहेत. पूर्व विदर्भाला हत्तीपायाने फार छळले आहे. त्याचा डास क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो, आणि गावातल्या नाल्यांतल्या डासअळ्यांची महिनावार मोजणी हाही पूर्ण विषय आहे.

एक मोठा प्रश्नही मनात ठेवा. सेनेगल नदीवर १९८६ मध्ये दियामा धरण झाले. झिंग्यांची वाट अडली, गोगलगायी खाणारे कमी झाले आणि शिस्टोसोमाचा आजार भडकला. सोकोलोव आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की पाणवठ्यावर झिंगे परत सोडले तर बाधित गोगलगायी घटतात. आपल्या वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. तिथल्या झिंग्यांचे, शंखांचे आणि गुरांच्या कृमींचे एकमेकांशी काय नाते आहे? पीएच.डी.ला पुरून उरेल असा हा प्रश्न जिल्ह्यातल्याच मुलीने किंवा मुलाने हाती घ्यावा.

पायरी ९ : दार ठोठावा

वर्षाची वही हातात आल्यावर कामाप्रमाणे संस्था निवडा. गुरांच्या कृमींसाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय; तिथल्या पदव्युत्तर प्रवेशाला पशुवैद्यक पदवी लागते, पण ओळख पटवण्यासाठी आणि सहमार्गदर्शनासाठी प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने जरूर विचारावे. पीएच.डी.च्या नोंदणीसाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग. हत्तीपायासाठी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र. डासांसाठी पुदुच्चेरीचे रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्र; तिथे सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्रात एम.एस्सी. करता येते. वन्यप्राण्यांच्या वाटेने जायचे असेल तर बेंगळुरूची एनसीबीएस आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था.

पत्र लहान लिहा. 'तुमच्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी द्यावी' अशी पाच वाक्ये लिहिण्यापेक्षा हे लिहा : 'चिखला परिसरातल्या दोन बोड्यांतून मी बारा महिने गोगलगायी तपासल्या. एकूण इतक्या तपासल्या, इतक्यांतून डिंभ निघाले, तीन प्रकार वेगळे दिसले. दुसऱ्या प्रकाराची ओळख मला पटत नाही. चित्र सोबत जोडले आहे. तुमचा अमुक लेख वाचला, त्यावर माझा हा प्रश्न आहे.' लेख खरोखर वाचलेला असावा. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा, आणि मग पुढच्या दाराकडे वळा.

पायरी १० : पोटापाण्याची सोय

एम.एस्सी.ला ५५ टक्के असतील तर पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असले तर २०२२ च्या नियमांनुसार थेटही करता येतो. राखीव प्रवर्गांना गुणांत सूट आहे. सीएसआयआर-यूजीसी नेटची जीवशास्त्राची परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा होते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, आणि वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. आयसीएमआरची आणि जैवतंत्रज्ञान विभागाची अधिछात्रवृत्तीही आहे. गेटमध्ये परिसरशास्त्र व उत्क्रांतीचा स्वतंत्र पेपर असतो.

राज्यातल्या संस्था विसरू नका. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, अनुसूचित जातींसाठी बार्टी, आदिवासींसाठी टीआरटीआय, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी. ढिवर घरातल्या मुलाने महाज्योतीच्या जाहिरातीवर नजर ठेवावीच. जात वैधता, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रे जाहिरात निघण्याआधीच तयार ठेवा. गुणवत्ता असून कागद नाही म्हणून संधी जाणे, हे दुःख टाळता येण्यासारखे आहे.

खबरदारी

माणसाचे रक्त, लघवी किंवा शौच यांचा नमुना संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय घ्यायचा नाही, शेजाऱ्याचा सुद्धा नाही. कणा असलेल्या प्राण्यांवर प्रयोग करायचे तर प्राणी-नीतिसमितीची परवानगी हवी. नमुने परदेशी पाठवायचे तर जैवविविधता कायद्याखालची मंजुरी आधी घ्या. आणि गावात कोणाला भीती वाटेल असे बोलू नका. 'तुमच्या तलावात किडे आहेत' हे वाक्य शास्त्र नव्हे. काय सापडले, त्याने कोणाला त्रास होतो, काय केले तर तो टळतो, हे तिन्ही एकत्र सांगता येईल तेव्हाच ग्रामसभेत उभे राहा.

वर्षभर मोजूनही एकही बाधित गोगलगाय मिळाली नाही, तरी काम वाया गेले असे समजू नका. ३०० तपासल्या आणि एकही बाधित निघाली नाही, ही नीट केलेली नोंद आहे, आणि दहा वर्षांनी त्या बोडीत कृमी आला तर तो बहुधा नंतर आला असे तुमच्याच वहीवरून म्हणता येईल. पावसाळा संपला, पाणी निवळले की सुरुवात करा. पहिल्या पानावर प्रश्न लिहा, खाली तारीख घाला, आणि चाळणी घेऊन काठावर जा.